धमनीकाठिण्यातील दाह आणि रोगप्रतिकार : एक आढावा

मध्यम आणि मोठ्या धमन्यांच्या आतल्या अस्तराखाली मेद, पेशी, तंतू आणि कालांतराने कॅल्शियम साचत जाऊन जो जाड, ओबडधोबड उंचवटा तयार होतो, त्याला वैद्यकशास्त्रात प्लाक म्हणतात आणि अशा उंचवट्यांमुळे धमनी अरुंद व कडक होत जाण्याच्या विकाराला धमनीकाठिण्य. हृदयविकाराचा झटका, पक्षाघाताचा मोठा हिस्सा आणि पायांचा रक्तपुरवठा खुंटल्याने होणारे विकार यांच्या मुळाशी हाच रोग असतो. कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनांचा अहवाल 1953 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सरासरी 22 वर्षे वयाच्या त्या धडधाकट तरुणांपैकी 77 टक्के जणांच्या हृदयधमन्यांत या रोगाच्या खुणा आढळल्या होत्या. म्हणजे कोणतेही लक्षण दिसण्यापूर्वी तीन-चार दशके तो धमनीच्या भिंतीत चालू असतो. या दीर्घ काळात तेथे नेमके काय घडते, याची दोन उत्तरे दिली गेली. एका उत्तरानुसार हा रक्तातील मेदाच्या संचयाचा रोग आहे आणि दुसऱ्यानुसार तो दाहाचा, म्हणजे इजा झाल्यावर किंवा परका पदार्थ शिरल्यावर शरीराची संरक्षणयंत्रणा त्या जागी पांढऱ्या पेशी धाडून, रासायनिक निरोप सोडून जे प्रत्युत्तर देते, त्याचा रोग आहे. आज उपलब्ध असलेला पुरावा नीट मांडला तर ही उत्तरे परस्परविरोधी राहत नाहीत: मेद हे कारण आहे, तर दाह ही त्या कारणाची रोग घडवण्याची रीत आहे. हा क्रम सुटला की संशोधनाची आणि उपचारांचीही दिशा चुकते, आणि ती तशी चुकल्याची उदाहरणे या विषयाच्या इतिहासात आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की आणि जर्मनीतील रूडोल्फ फिरखो या विकृतिशास्त्रज्ञांत याच मुद्द्यावर मतभेद होता. रोकिटान्स्की यांच्या मते रक्तातील घटक अस्तरावर साचणे ही मूळ घटना होती आणि दाहाची चिन्हे नंतरची होती. फिरखो यांनी मात्र 1856 च्या सुमारास अस्तरातील पेशींचा क्षोभ आणि वाढ यांना पहिले स्थान देऊन हा रोग दाहाच्याच वर्गात बसवला. दोघांच्याही हाती मृत ऊतींपलीकडे पुरावा नव्हता, त्यामुळे वादाचा निकाल लागणे शक्य नव्हते. 1913 मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथे निकोलाय अनिचकॉव्ह आणि त्यांचे सहकारी खालाटॉव्ह यांनी सशांना तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत माणसातल्यासारखा विकार निर्माण करून दाखवला, आणि तेथून पुढे जवळजवळ साठ वर्षे मेदाच्या बाजूचे पारडे जड राहिले. वस्तुतः अनिचकॉव्ह यांनी त्या सशांच्या धमन्यांत मेदाने फुगलेल्या पांढऱ्या पेशींचेही बारकाईने वर्णन केले होते, पण कोलेस्टेरॉलच्या शोधापुढे त्या निरीक्षणाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

ते लक्ष परत वेधले गेले ते 1970 नंतर. सिॲटलमधील रसेल रॉस यांनी 1973 मध्ये धमनीच्या अस्तराला होणारी इजा आणि तिला भिंतीने दिलेला प्रतिसाद अशी रोगाची मांडणी केली, आणि पुढे तीत बदल करत करत 1999 मध्ये हा दाहाचाच रोग असल्याचे एका गाजलेल्या लेखात स्पष्टपणे प्रतिपादले. दरम्यान स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातील योरान हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाच्या मध्यावर मानवी प्लाकमध्ये टी-पेशी या रोगप्रतिकाराच्या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने असतात हे दाखवले, तर बॉस्टनमध्ये पीटर लिबी यांनी धमनीच्या भिंतीतील पेशी स्वतःच दाह वाढवणारी निरोपी प्रथिने, म्हणजे सायटोकाइन, तयार करतात हे सिद्ध केले. भिंत ही निव्वळ सोसणारी नसून या प्रक्रियेत स्वतः भाग घेते, हा या सर्व कामाचा अर्थ होता.

प्रक्रियेची सुरुवात होते ती मेद वाहून नेणाऱ्या कणांपासून. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नसल्याने ते प्रथिनांनी वेढलेल्या सूक्ष्म कणांतून रक्तात फिरते आणि त्यांतील एलडीएल नावाचे कण, रक्तातील त्यांचे प्रमाण जास्त असेल तर, अस्तराच्या पेशींच्या थरातून पलीकडे जाऊन तेथील प्रोटिओग्लायकन या शर्करायुक्त प्रथिनांना चिकटतात. धमन्यांना जेथे फाटे फुटतात किंवा वळण असते, तेथे रक्ताचा प्रवाह एकसारखा न राहता उलटसुलट होतो आणि अशाच जागी अस्तराच्या पेशींचे दाह रोखणारे गुणधर्म कमी होतात. रक्त सगळीकडे तेच असूनही प्लाक ठरावीक ठिकाणीच का होतात, याचे उत्तर येथे सापडते. अडकून पडलेल्या कणांचे ऑक्सिडीकरण आणि इतर रासायनिक बदल झाले की शरीराला ते आपले वाटेनासे होतात. मग अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर व्हीकॅम-1 यासारखे चिकट रेणू मांडतात, रक्तातून वाहणाऱ्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी त्यांना धरून थांबतात, रासायनिक खुणेच्या मागाने भिंतीत शिरतात आणि तेथे त्यांचे मॅक्रोफेज या भक्षक पेशींत रूपांतर होते.

भक्षक पेशींचे काम कचरा गिळण्याचे. सर्वसाधारण पेशी एलडीएल ज्या ग्राहकांमार्फत आत घेतात, त्यांची संख्या पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे झाले की आपोआप घटते, हे मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी दाखवले आणि त्यांना 1985 चे नोबेल पारितोषिक मिळाले. बदललेले एलडीएल गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या ग्राहकांना असा लगाम नसतो. त्यामुळे त्या पेशी कोलेस्टेरॉलने तट्ट भरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फेसाने भरल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेनपेशी म्हणतात. एका मर्यादेपर्यंत हे संरक्षणच असते. पण पेशींत आणि पेशींबाहेर कोलेस्टेरॉलचे स्फटिक तयार होऊ लागले की चित्र पालटते. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार हे स्फटिक भक्षक पेशींतील एनएलआरपी-3 नावाच्या प्रथिनसंचाला जागे करतात. हा संच एरवी जंतूंची किंवा पेशीनाशाची चाहूल लागताच कामाला लागतो. त्यातून इंटरल्यूकिन-1 बीटा हे प्रखर सायटोकाइन मोकळे होते, त्याच्यामुळे इंटरल्यूकिन-6 वाढते आणि यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सीआरपी, रक्तात सोडते. मेद आणि दाह या दोन सिद्धान्तांना जोडणारा इतका नेमका दुवा त्यापूर्वी हाती आलेला नव्हता.

प्लाक वाढण्याचे दुसरे कारण मात्र पुरेसे चर्चिले जात नाही. मेलेल्या पेशी इतर भक्षक पेशींनी वेळेवर उचलून नेणे हा दाह शमण्याचा नैसर्गिक मार्ग आहे. प्रौढ प्लाकमध्ये ही सफाई मंदावते, मेलेल्या पेशी तशाच फुटतात आणि त्यांच्यातील द्रव्ये व कोलेस्टेरॉल मिळून प्लाकच्या पोटात एक मृत गाभा तयार होतो. म्हणजे रोग बळावतो तो दाह पेटल्यामुळे आणि तितकाच तो विझवता न आल्यामुळेही. आणि औषधांचा शोध बहुतांशी पहिल्या अर्ध्यावरच केंद्रित राहिला, ही या क्षेत्रातील मोठी उणीव आहे.

आतापर्यंत वर्णिलेली यंत्रणा जन्मजात रोगप्रतिकाराची आहे, जो शत्रूची ओळख न पटवताच ठरावीक धोक्यांना ठरावीक उत्तर देतो. धमनीच्या भिंतीत दुसरा, विशिष्ट रेणूंना ओळखून लक्षात ठेवणारा अर्जित रोगप्रतिकारही काम करतो. प्लाकमधील टी-पेशींपैकी बऱ्याच गॅमा इंटरफेरॉन सोडणाऱ्या असतात; हे द्रव्य भक्षक पेशींना उत्तेजित करते आणि कोलॅजन हे बळकटी देणारे तंतू विणणाऱ्या स्नायुपेशींचे काम थांबवते. याच्या उलट नियामक टी-पेशी दाहाला आवर घालतात, आणि उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर रोग वाढतो. बी-पेशींचीही अशीच दुहेरी भूमिका आहे: त्यांचा एक गट जन्मतःच असे प्रतिपिंड बनवतो की जे ऑक्सिडीकृत एलडीएलला बांधून भक्षक पेशींपासून दूर ठेवतात, तर दुसरा गट रोगाला हातभार लावतो. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन प्लीहा काढावी लागलेल्या अमेरिकी सैनिकांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला असता त्यांच्यात न्यूमोनियाने आणि हृदयधमन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले, असे 1977 मध्ये नोंदले गेले. प्लीहा हे संरक्षक बी-पेशींचे एक प्रमुख ठिकाण असल्याचे नंतर कळल्यावर या जुन्या निरीक्षणाला वेगळाच अर्थ प्राप्त झाला. 1990 च्या दशकात सशांना बदललेल्या एलडीएलची लस टोचून त्यांच्यातील धमनीकाठिण्य कमी करण्यात यश आले, आणि तेव्हापासून या रोगावर लस काढण्याची आशा जिवंत आहे. मात्र माणसाच्या प्लाकमधील टी-पेशी कोणत्या प्रतिजनाला ओळखून चेतवल्या जातात, हे निर्विवादपणे ठरल्याशिवाय त्या आशेला ठोस रूप येणे कठीण आहे.

प्लाक मोठा असणे आणि तो घातक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक दाहाच्या अभ्यासानेच स्पष्ट केला. मृत गाभ्यावर कोलॅजनचे एक आवरण असते. भक्षक पेशी कोलॅजन तोडणारी विकरे सोडतात, टी-पेशी त्याची नवी निर्मिती रोखतात आणि आवरण झिजत झिजत मिलिमीटरच्या एक-दशांशाहूनही पातळ झाले की ते फाटण्याचा धोका निर्माण होतो. ते फाटताच गाभ्यातील द्रव्यांचा रक्ताशी संपर्क येऊन काही मिनिटांत गुठळी जमते. त्यामुळे धमनी अर्धीही अरुंद झालेली नसलेल्या आणि चालताना कधी छातीत न दुखलेल्या माणसाला अचानक झटका येऊ शकतो. काही झटक्यांत आवरण शाबूत राहून फक्त वरचा पेशीथर खरवडला गेलेला आढळतो आणि तेथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींनी टाकलेली डीएनएच्या धाग्यांची जाळी गुठळीला आधार देते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा वापर वाढल्यापासून हा दुसरा प्रकार तुलनेने अधिक ठळक होत असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

प्राण्यांत आणि शवविच्छेदनात दिसलेले जिवंत माणसालाही लागू पडते का, याची पहिली चाचपणी सीआरपीच्या मदतीने झाली. 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलेले हे प्रथिन अत्यल्प प्रमाणातही मोजता येऊ लागल्यावर पॉल रिडकर यांनी 1997 मध्ये दाखवले की वरवर निरोगी पुरुषांत त्याची पातळी जास्त असेल तर पुढील वर्षांत झटक्याची शक्यता जास्त असते. 2008 च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या, पण सीआरपी लिटरमागे 2 मिलिग्रॅम किंवा अधिक असलेल्या 17,802 व्यक्ती घेण्यात आल्या आणि रोझुवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल घटवणाऱ्या स्टॅटिन गटातील औषधामुळे त्यांच्यातील हृदयविकाराच्या प्रमुख घटना 44 टक्क्यांनी घटल्या. या निष्कर्षाचा फार उदार अर्थ लावला गेला. स्टॅटिनने सीआरपी घटवली तसे एलडीएलही निम्म्यावर आणले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे या चाचणीतून ठरू शकत नव्हते. शिवाय पुढे आनुवंशिक अभ्यासांतून असे दिसले की ज्यांच्या सीआरपीची पातळी जन्मतः जनुकांमुळे जास्त असते, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. याउलट इंटरल्यूकिन-6 च्या ग्राहकाचे काम मंद करणारे जनुकीय रूप ज्यांच्यात असते त्यांना तो कमी होतो. म्हणजे सीआरपी ही दाहाची खूण आहे, कारण नव्हे, आणि औषधाचा रोख तिच्या वरच्या पायऱ्यांवर हवा.

दाहाच्या बाजूने आणखी एक भक्कम पुरावा स्वतःच्याच ऊतींवर रोगप्रतिकार उलटणाऱ्या विकारांनी दिला. आमवाताच्या रुग्णांत हृदयविकाराचा धोका सुमारे दीडपट असतो, आणि अमेरिकेतील एका अभ्यासात ल्यूपस झालेल्या 35 ते 44 वर्षे वयाच्या स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण समवयस्क स्त्रियांच्या पन्नास पटींहून अधिक आढळले. एवढ्यावर थांबले तर दाह पुरेसा आहे असे वाटेल. पण बोलिव्हियाच्या ॲमेझॉन खोऱ्यातील चिमाने लोकांचा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. सततच्या जंतुसंसर्गामुळे त्यांच्यापैकी निम्म्या लोकांची सीआरपी वाढलेली होती, तरीही तपासलेल्या प्रौढांपैकी 85 टक्क्यांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा मागमूस नव्हता. त्यांचे एलडीएल सरासरी डेसिलिटरमागे 91 मिलिग्रॅम होते, धूम्रपान आणि उच्च रक्तदाब विरळ होते आणि दिवसाचा मोठा भाग ते श्रमात घालवत होते. दुसऱ्या टोकाला, दोन्ही पालकांकडून एलडीएल-ग्राहकाचे सदोष जनुक मिळालेल्या मुलांना इतर कोणताही धोका नसताना बालपणातच झटके येतात. मेदाशिवाय दाह धमनीत फारसे काही करू शकत नाही, आणि मेद पुरेसा असेल तर तो दाहाला स्वतःच बोलावून आणतो.

जंतूंचा प्रश्नही याच चौकटीत पाहावा लागतो. 1988 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी क्लॅमिडिया न्यूमोनिए या जंतूविरुद्धचे प्रतिपिंड हृदयरुग्णांत जास्त आढळल्याचे नोंदवले, पुढे तो जंतू प्लाकमध्येही सापडला आणि धमनीकाठिण्य हा संसर्गजन्य रोग ठरतो की काय अशी चर्चा सुरू झाली. परंतु हजारो रुग्णांना दीर्घकाळ प्रतिजैविके देऊनही झटके घटले नाहीत. याउलट इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचा धोका सहा पटींनी वाढतो, असे कॅनडातील 2018 च्या अभ्यासाने दाखवले. जंतू हा रोगाचा जनक नसला तरी आधीच पातळ झालेल्या आवरणाला फाडणारा निमित्तमात्र ठरू शकतो. हृदयरुग्णांना फ्लूची लस देण्याचा सल्ला यावरच आधारलेला असून तो भारतात फारच थोड्यांपर्यंत पोहोचतो, ही खेदाची गोष्ट आहे.

एलडीएलला स्पर्शही न करता केवळ दाह कमी केला तर झटके घटतात का, ही खरी कसोटी 2017 मध्ये लागली. कँटोस या चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी वाढलेली असे 10,061 रुग्ण होते आणि त्यांना इंटरल्यूकिन-1 बीटाला निकामी करणारे कॅनाकिनुमॅब हे प्रतिपिंड तीन महिन्यांतून एकदा टोचण्यात आले. एलडीएल जसेच्या तसे राहूनही 150 मिलिग्रॅम मात्रेच्या गटात झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू या घटना 15 टक्क्यांनी घटल्या. फिरखो यांच्या मांडणीला तब्बल 160 वर्षांनी माणसांवरील प्रयोगाचा आधार मिळाला, आणि या विषयाच्या इतिहासात या निकालाचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे. पण औषधाच्या गटात जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही. औषध अत्यंत महागही होते. हृदयविकारासाठी ते वापरात आले नाही. दोनच वर्षांत प्रकाशित झालेल्या सर्ट चाचणीत आमवातावरील स्वस्त मेथोट्रेक्सेट 4,786 जणांवर अजमावले गेले, तर त्याने ना इंटरल्यूकिन-1, ना इंटरल्यूकिन-6, ना सीआरपी घटवली आणि झटकेही कमी केले नाहीत. दाहविरोधी म्हटले की कोणतेही औषध चालेल हा समज त्याने कायमचा दूर केला.

त्यानंतर लक्ष वळले ते कोल्चिसिनकडे. गाउट या सांधेदुखीवर शतकानुशतके वापरले गेलेले हे द्रव्य युरोपातील कोल्चिकमच्या कंदात असते, तसेच कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात लाल-पिवळी फुले मिरवणाऱ्या कळलावीच्या कंदात व बियांतही असते. कळलावी अतिशय विषारी मानली जाते ती याच द्रव्यामुळे. ते पेशींतील सूक्ष्मनलिका जुळू देत नाही आणि त्यामुळे न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते. दिवसाला अर्धा मिलिग्रॅम या मात्रेने 2019 च्या कोलकॉट चाचणीत नुकताच झटका आलेल्या रुग्णांतील घटना 23 टक्क्यांनी आणि 2020 च्या लोडोको-2 चाचणीत स्थिर रुग्णांतील घटना 31 टक्क्यांनी घटल्या, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते हृदयरुग्णांसाठी मंजूर केले. परंतु 2024 मध्ये जाहीर झालेल्या क्लिअर चाचणीत झटका आलेल्या 7,062 रुग्णांना त्याचा काही फायदा झाला नाही. परस्परविरोधी दिसणाऱ्या या निकालांवरून एवढेच म्हणता येते की स्थिर रुग्णांतील उपयोगाचा पुरावा चांगला आहे आणि झटक्यानंतर लगेच देण्याबाबतचा डळमळीत. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असेल तर हीच मात्रा विषारी ठरू शकते, हे औषध स्वस्त आणि परिचित आहे म्हणून विसरले जाण्याचा धोका मोठा आहे.

दाह काहींमध्ये मुळातच अधिक का असतो, याचे एक अनपेक्षित उत्तर अस्थिमज्जेत सापडले. वय वाढते तसे रक्तपेशी बनवणाऱ्या मूळ पेशींत जनुकीय बदल होत जातात आणि टीईटी-2 सारख्या जनुकात बदल झालेली एखादी पेशी आपला वंश इतका वाढवते की रक्तातील पांढऱ्या पेशींचा लक्षणीय हिस्सा तिचाच होतो. सत्तरीनंतर दहातील एकाहून अधिक जणांत असे आढळते, कर्करोग मात्र त्यांच्यातील थोड्यांनाच होतो. 2017 च्या अभ्यासात अशा व्यक्तींत हृदयधमन्यांच्या विकाराचा धोका जवळजवळ दुप्पट दिसला. टीईटी-2 नसलेल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-1 बीटा अधिक सोडतात हे त्याचे एक स्पष्टीकरण.

दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधी येतो, हे 52 देशांतील इंटरहार्ट अभ्यासात 2004 नंतर ठळकपणे पुढे आले, आणि तेव्हापासून भारतीयांच्या शरीरात दाहाची काही खास प्रवृत्ती असल्याचे अधूनमधून सुचवले जाते. पोटाभोवतीची चरबी इंटरल्यूकिन-6 तयार करते, तंबाखू आणि प्रदूषित हवा अस्तराला क्षोभ पोहोचवतात, त्यामुळे या सूचनेत तथ्यांश आहे. तरीही त्याच अभ्यासाने धूम्रपान, मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा लठ्ठपणा अशा नऊ परिचित घटकांनी जगभर झटक्यांचा जवळजवळ 90 टक्के धोका स्पष्ट होतो हे दाखवले होते. भारतीयांत हे घटक लवकर येतात, एवढे कारण पुरेसे बोलके आहे. स्टॅटिनही नियमित न मिळणाऱ्या रुग्णाला दाहविरोधी औषधाची आशा दाखवणे हे क्रम उलटा करणे होय.

याउलट दाह रोखण्याची किंमत मात्र भारतात खरोखरच वेगळी आहे. जगातील क्षयरोगाच्या नव्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा या देशात असतो, आणि सुप्त क्षयजंतूंना गाठीत कोंडून ठेवणारी जी पेशीयंत्रणा आहे, तिचेच अनेक घटक प्लाकमध्येही कार्यरत असतात. कँटोस चाचणीत क्षयाचे सहाच रुग्ण निष्पन्न झाले आणि औषधाच्या व औषधहीन गटांत त्यांचे प्रमाण सारखे होते. परंतु त्या सहांपैकी पाच भारतातले होते, तेही दीर्घकालीन संसर्ग असलेल्यांना आधीच वगळलेले असताना. इंटरल्यूकिन-6 रोखणारी नवी प्रतिपिंडे आता मोठ्या चाचण्यांत आहेत. ती यशस्वी ठरून येथे आली, तर ती कोणाला द्यायची हे ठरवताना सीआरपीच्या आकड्याबरोबर छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणीही पाहावी लागेल, आणि त्यासाठी लागणारी भारतीय रुग्णांची माहिती युरोप-अमेरिकेतील चाचण्यांतून उसनी घेता येणार नाही.